प्रभाग समिती

महानगरपालिका हद्दीच्या एका भागातील नागरी सुविधा, त्यांविषयीच्या तक्रारी आणि छोट्या रकमेची विकासकामे पाहणारी, त्या भागातील नगरसेवकांची वैधानिक समिती. १ जून १९९३ रोजी अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत अशा समित्या बंधनकारक केल्या (अनुच्छेद २४३ एस). महाराष्ट्रात त्यांची तरतूद महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २९अ मध्ये आहे. बृहन्मुंबई १८८८ च्या स्वतंत्र कायद्याने चालते; तिथल्या समित्यांची तरतूदही त्याच कायद्यात आहे.

‘वॉर्ड’ आणि ‘प्रभाग’ या शब्दांनी घोळ होतो. मुंबईत वॉर्ड म्हणजे प्रशासकीय विभाग. दादरचा माणूस पाण्याची तक्रार घेऊन ‘जी नॉर्थ’ला जातो, अंधेरी पूर्वेचा ‘के ईस्ट’ला. नगरसेवक निवडून येतो तो मात्र प्रभागातून आणि असे प्रभाग २२७ आहेत. पुण्यात वॉर्ड ऑफिसचे कागदोपत्री नाव ‘क्षेत्रीय कार्यालय’. एका कार्यालयाखाली काही प्रभाग येतात आणि त्यांची मिळून एक समिती होते.

समितीत त्या हद्दीतील सर्व नगरसेवक आणि कार्यालयाचा प्रमुख अधिकारी असतो. शिवाय सामाजिक कामातील संस्थांमधून जास्तीत जास्त तीन सदस्य नामनिर्देशित करता येतात. अध्यक्ष नगरसेवकांमधून एका वर्षासाठी निवडला जातो. ही निवड बहुधा पक्षीय गणितावर ठरते. नामनिर्देशित जागाही अनेकदा कार्यकर्त्यांची सोय लावण्यासाठी वापरल्या गेल्या आहेत. समितीची बैठक महिन्यातून किमान एकदा घ्यायची असते. पाणीपुरवठा, मलनिःसारण, स्वच्छता, पावसाळी पाण्याचा निचरा यांच्या तक्रारींचा निपटारा, हद्दीतील खर्चाच्या अंदाजांवर शिफारशी आणि अंदाजपत्रकात तरतूद असलेल्या पाच लाख रुपयांपर्यंतच्या कामांना मंजुरी, ही तिची कायद्यातील कामे.

व्यवहारातली बैठक विषयपत्रिकेपेक्षा वेगळी दिसते. गणसंख्येअभावी ती तहकूब झाली नाही, तर पहिला अर्धा तास ड्रेनेजच्या झाकणांवर जातो. तीन महिन्यांपूर्वी खचलेल्या झाकणाभोवती कुणीतरी झाडाची फांदी रोवून ठेवलेली असते. कनिष्ठ अभियंता सांगतो, “पूर्वगणनपत्रक (कामाच्या खर्चाचा अंदाज) तयार आहे, पण बजेट हेड नाही.” नगरसेवक आवाज चढवतो, इतिवृत्तात ‘कार्यवाही करावी’ अशी नोंद होते आणि फांदी तिथेच राहते. खरी मेख या बजेट हेडमध्ये, म्हणजे अंदाजपत्रकात त्या कामासाठी असायच्या तरतुदीत आहे. समितीला मंजुरीचा अधिकार आहे, पण पैसे ठेवण्याचा नाही. ते काम स्थायी समिती आणि मुख्य सभेचे. म्हणून प्रभागाची कामे समितीच्या टेबलावर ठरण्याऐवजी अंदाजपत्रकाच्या वेळी ठरतात. पुण्यात नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांच्या यादीला ‘स’ यादी म्हणतात. त्या यादीत एका कामासाठी ठेवलेली रक्कम पुढे दुसऱ्याकडे वळवण्याला ‘वर्गीकरण’ असा निरुपद्रवी शब्द आहे. मार्च जवळ आला की वर्गीकरणाचे प्रस्ताव वाढतात आणि गल्लीबोळांत काँक्रीट पडू लागते.

पुणे महापालिकेने २००६-०७ च्या अंदाजपत्रकापासून नागरिकांकडून थेट कामे मागवायला सुरुवात केली. पदपथ, दिवे, बाक, बसथांबा, स्वच्छतागृह अशी कामे अर्जावर लिहून क्षेत्रीय कार्यालयात द्यायची. तिथे छाननी होते आणि प्रभाग समिती त्यातून निवड करते. एका कामाची मर्यादा पाच लाखांची. वस्तीतला माणूस आणि समिती यांचा अंदाजपत्रकापुरता का होईना, थेट संबंध येतो तो इथेच. पण मोठ्या सोसायट्यांना अर्ज भरणे जमते. ज्या वस्तीत सार्वजनिक नळावर रांग असते, तिथपर्यंत अर्जाची बातमी पोहोचतेच असे नाही.

२००९ मध्ये राज्याने कायद्यात ‘क्षेत्रसभा’ आणली. एका किंवा लगतच्या कमाल पाच मतदान केंद्रांतील सर्व मतदारांची ही सभा. कल्पना ग्रामसभेच्या धर्तीची. दोन वर्षांत किमान चार सभा न घेणाऱ्या नगरसेवकाचे पद जाऊ शकते, इतकी कडक तरतूद आहे. तरीही बहुतेक शहरांत क्षेत्रसभा कागदावरच राहिली. पुण्यात क्षेत्रीय कार्यालयांच्या ‘मोहल्ला कमिटी’ बैठकांनी तिची जागा थोडीफार भरली. (मुंबईतील मोहल्ला कमिट्या वेगळ्या, त्या १९९२-९३ च्या दंगलींनंतर सलोख्यासाठी पोलीस आणि नागरिकांनी मिळून उभ्या केल्या.) मुंबईत १९९७ च्या सुमारास घाटकोपरच्या जोशी लेनपासून सुरू झालेली एएलएम (अ‍ॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट) ही रहिवासी गटांची पद्धत ओला-सुका कचरा वेगळा करण्यापुरती होती; पुढे हे गट रस्ते आणि फेरीवाल्यांवरही बोलू लागले.

वस्तीच्या नियोजनात समितीचा आवाज सर्वांत क्षीण आहे. जमिनीचा वापर ठरतो विकास आराखड्यात, म्हणजे १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली. मैदान, शाळा, भाजी मंडई यांची आरक्षणे तिथे पडतात आणि हरकती नागरिकांनी वैयक्तिक नोंदवायच्या असतात. मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या आराखड्याचा पहिला मसुदा २०१५ मध्ये लोकांच्या प्रचंड हरकतींनंतर मागे घ्यावा लागला. सुधारित आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला. आरक्षित जमीन दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर मालक कलम १२७ खाली नोटीस देतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले न उचलल्यास आरक्षण रद्द होते. ही मुदत सरत असताना विषय प्रभाग समितीपुढे यावाच, असे बंधन नाही. वस्तीला कळते ते मैदानाभोवती पत्रे उभे राहिल्यावर.

बहुसदस्यीय प्रभागांनी, म्हणजे एकाच प्रभागातून अनेक नगरसेवक निवडण्याच्या पद्धतीने, जबाबदारीही विखुरली. पुण्यात २००२ ला तीन सदस्यांचा, २००७ ला एका, २०१२ ला दोन आणि २०१७ ला चार सदस्यांचा प्रभाग होता. प्रभागातील अ, ब, क, ड या जागा सामाजिक आरक्षणाप्रमाणे पाडलेल्या असतात, भूभागाप्रमाणे नव्हे. तरी नगरसेवक आपसांत गल्ल्या वाटून घेतात आणि तक्रारदाराला “तो भाग माझ्याकडे नाही” हे उत्तर मिळते.

मार्च २०२२ मध्ये मुंबई, पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत संपली. निवडणुका लांबल्या आणि कारभार प्रशासकांकडे गेला. नगरसेवकच नसल्याने प्रभाग समित्याही उरल्या नाहीत. पाच लाखांचे गटार आणि शेकडो कोटींचा पूल, दोन्ही एकाच टेबलावरून मंजूर होऊ लागले. जानेवारी २०२६ च्या निवडणुकांपर्यंत हीच व्यवस्था चालली.