प्रिंटरची शाई महाग कशी झाली: रिबिनीपासून शाईच्या टाकीपर्यंत

प्रिंटर स्वस्तात मिळतो आणि दोन-तीन वेळा कार्ट्रिज बदलली की शाईचा खर्च प्रिंटरच्या किमतीला गाठतो, ही तक्रार जगभर सारखीच आहे. पूर्वी असं नव्हतं. १९८० साली आलेला एप्सनचा एमएक्स-८० हा डॉट मॅट्रिक्स (सुयांनी ठिपके उमटवून अक्षरं घडवणारा) प्रिंटर शाईत भिजवलेल्या कापडी रिबिनीवर चालायचा. यंत्र महाग, रिबीन स्वस्त. रिबीन फिकी पडली तरी अक्षरं वाचता येत. ती कोणी बनवली आहे, हे कळण्याची सोय यंत्रात नव्हती.

शाईचे थेंब उडवणारं तंत्र, म्हणजे इंकजेट, मात्र वेगळ्या वाटेनं आलं. १९७७ मध्ये कॅननचे संशोधक इचिरो एंडो यांच्या प्रयोगशाळेत तापलेला सोल्डरिंग आयर्न शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागला आणि सुईतून शाई उडाली. त्यावरून ‘बबल जेट’ची कल्पना सुचली. जवळपास त्याच काळात एचपीमध्येही स्वतंत्रपणे याच दिशेनं काम चाललं होतं आणि १९८४ मध्ये त्यांचा थिंकजेट प्रिंटर बाजारात आला. बारीक छिद्राजवळची शाई काही मायक्रोसेकंदांत तापवायची, वाफेचा बुडबुडा फुगला की थेंब कागदावर फेकला जातो, अशी ही रीत. एवढी उष्णता सोसणारी छिद्रं फार काळ टिकणार नाहीत, म्हणून एचपीनं छिद्रांचा तो भाग, म्हणजे प्रिंट हेडच, शाईच्या डबीला जोडून टाकला. शाई संपली की हेडही फेकून द्यायचं.

अभियांत्रिकीच्या दृष्टीनं हा निर्णय उत्तम होता, कारण छिद्रं तुंबली तरी नवी डबी घातली की काम भागायचं. पण शाईच्या किमतीत यंत्राचा एक भाग शिरला तो इथेच. एप्सननं दुसरा रस्ता धरला. विजेच्या दाबानं आकार बदलणाऱ्या पिझो स्फटिकानं थेंब ढकलायचा, हेड यंत्रातच कायमचं ठेवायचं आणि कार्ट्रिज म्हणजे निव्वळ शाईची डबी. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण स्वस्त छपाईचा मार्ग पुढे याच फटीतून निघाला.

१९८८ मध्ये एचपीचा पहिला डेस्कजेट सुमारे १,००० डॉलरना मिळत होता. पुढच्या दहा-बारा वर्षांत १०० डॉलरच्या आसपासचे इंकजेट दिसू लागले. यंत्रावरचा नफा आटला आणि तो शाईतून वसूल करण्याची रीत रुळली. यंत्र एकदा घरात आलं की गिऱ्हाईक त्याच कार्ट्रिजला बांधलेलं, हे कंपन्यांनी नेमकं हेरलं. छपाईची शाई साधी नसते, हे मान्य करायला हवं. छिद्रात वाळू नये पण कागदावर लगेच वाळावी, अशी ती बनवणं अवघड आहे. तरीही एचपीच्या ३०१ क्रमांकाच्या साध्या काळ्या कार्ट्रिजमध्ये अवघी ३ मिलिलीटर शाई आणि सुमारे १९० पानं मिळतात. या मापाचा खुलासा रसायनशास्त्रातून होत नाही. तो विक्रीचा निर्णय आहे.

सिरिंजनं शाई भरून देणारे आणि पर्यायी कार्ट्रिज बनवणारे लगेच पुढे आले. त्यांना अडवायला १९९०च्या दशकाच्या अखेरीस कार्ट्रिजवर चिप बसू लागल्या; कार्ट्रिज मूळ कंपनीची आहे का, हे त्यावरून यंत्राला कळायचं. प्रिंटर बनवणाऱ्या लेक्समार्कनं २००२ मध्ये अमेरिकेत पर्यायी कार्ट्रिजसाठी चिप बनवणाऱ्या स्टॅटिक कंट्रोल कंपनीवर कॉपीराइट कायद्याखाली खटला भरला. डिजिटल चोरी रोखण्यासाठी केलेला कायदा टोनरच्या (लेझर प्रिंटरच्या शाईच्या पुडीच्या) डबीसाठी वापरायचा हा प्रयत्न २००४ मध्ये अपील न्यायालयात फसला. २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं लेक्समार्कच्याच दुसऱ्या खटल्यात ठरवलं की, वस्तू एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपतो. म्हणजे रिकामी कार्ट्रिज पुन्हा भरून विकायला पेटंट आड येत नाही.

न्यायालयात जे जमलं नाही ते सॉफ्टवेअरनं साधलं. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या अनेक प्रिंटरनी कालपर्यंत चालणाऱ्या पर्यायी कार्ट्रिज अचानक नाकारल्या. ओरड झाल्यावर कंपनीनं दिलगिरी व्यक्त करून ते बंधन काढणारं फर्मवेअर (प्रिंटरच्या आतलं सॉफ्टवेअर) दिलं, पण धोरण सोडलं नाही. विकलेल्या यंत्राचं वागणं मागाहून बदलणं मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत गैर गोष्ट वाटते. चिपशिवाय छपाई अडत नाही, हे पुढे निर्मात्याकडूनच कळलं. २०२२ च्या सुरुवातीला चिपच्या टंचाईमुळे कॅननला काही ऑफिस प्रिंटरचे टोनर चिपविना पाठवावे लागले, तेव्हा कार्ट्रिज अस्सल नसल्याचा इशारा बंद करून छपाई कशी चालू ठेवायची ते कंपनीनंच ग्राहकांना सांगितलं.

खरा बदल इंडोनेशियातून आला. तिथले दुकानदार एप्सनच्या प्रिंटरला बाहेरून बाटल्या लावून बारीक नळ्यांनी शाई पोचवत. हेड यंत्रातच असल्यानं हे जमत होतं. या जोडकामाशी झगडण्यापेक्षा एप्सननं २०१० मध्ये तिथेच स्वतःचा टाकीवाला प्रिंटर आणला. यंत्राची किंमत जास्त, पण ७० मिलिलीटरच्या काळ्या बाटलीत सुमारे ४,००० पानं. अमेरिकेत हे यंत्र २०१५ मध्ये पोचलं, आणि मग कॅनन व एचपीही टाकीकडे वळले.

टाकी सगळ्यांनाच परवडते असं नाही. रोज पानं काढणाऱ्या घरात तिची जादा किंमत भरून निघते. पण प्रिंटर आठवडेच्या आठवडे पडून राहिला तर हेडमधली शाई वाळते आणि हेड साफ करण्यात बरीच शाई जाते. ती शाई शोषणारा पॅड भरला की यंत्र थांबतं, म्हणून तो घरी बदलता येतो का, हे घेतानाच पाहावं. क्वचित आणि फक्त काळा मजकूर छापणाऱ्यानं मोनो लेझर, म्हणजे फक्त काळी छपाई करणारा लेझर प्रिंटर घ्यावा. टोनर ही कोरडी पूड असते, त्यामुळे ती वाळण्याचा प्रश्नच येत नाही. मात्र नव्या यंत्रासोबतचा टोनर बऱ्याचदा कमी भरलेला असतो, तेव्हा हिशेब मांडताना दुसऱ्या टोनरची किंमत आणि त्याची आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार दिलेली पानसंख्या धरावी.