शोधसफरींचे अध्यापन : टपाल तिकिटे आणि पत्रे

दर्यावर्दी व ध्रुवप्रवासी यांच्यावरची टपाल तिकिटे आणि त्यांच्या सफरींतली पत्रे मुलांपुढे ठेवून इतिहास शिकवण्याची पद्धत. दोन्ही साधने टपालाची असली, तरी त्यांची जातकुळी वेगळी. पत्र त्या वेळचे, सफरीतल्याच माणसाचे. तिकीट बहुधा कितीतरी वर्षांनी कुठल्यातरी सरकारने काढलेले. चिकटवायचे टपाल तिकीटच मुळी १८४० मध्ये ब्रिटनमध्ये आले. हा फरक मुलांना उमगला की निम्मे काम झाले.

तिकिटांतल्या चुका इथे फार कामी येतात. कोलंबसच्या पहिल्या सफरीला चारशे वर्षे झाल्यानिमित्त अमेरिकेने १८९३ मध्ये १६ तिकिटांची मालिका काढली. एक सेंटच्या तिकिटावर जमीन पाहणारा कोलंबस दाढीविना आहे. दोन सेंटच्या तिकिटावर किनाऱ्यावर उतरताना त्याला दाढी आहे. घटना मात्र १२ ऑक्टोबर १४९२ या एकाच दिवसाच्या! हाती भिंग दिले, तर मुले हे स्वतःच हेरतात. मग खुलासा करावा : तिकिटे दोन निराळ्या चित्रकारांच्या चित्रांवरून केलेली होती आणि कोलंबसच्या हयातीत काढलेले त्याचे खात्रीचे चित्र उपलब्धच नाही. कॅरिबियन समुद्रातल्या सेंट किट्स-नेव्हिस बेटांच्या १९०३ च्या तिकिटावर तर तो दुर्बिणीतून पाहतो. दुर्बीण युरोपात पुढे आली १६०८ मध्ये. कोलंबस वारला १५०६ मध्ये.

पत्रे वाचायला वेळ लागतो, पण ती जास्त देतात. पोर्तुगीज ताफ्यातला लेखनिक पेरू व्हाझ दि कामिन्या याने १ मे १५०० रोजी ब्राझीलच्या किनाऱ्यावरून पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहिले. तिथल्या एका माणसाच्या खुणांचा अर्थ पोर्तुगीजांनी ‘सोने देतो’ असा लावला. आपल्याला तसे हवे होते म्हणून आपण तो अर्थ घेतला, अशी कबुली कामिन्या लगेच देतो. हे वाचल्यावर किनाऱ्यावरच्या त्या माणसाच्या बाजूनेही एक पत्र मुलांकडून लिहून घ्यावे. एरवी सगळे दर्यावर्दी वीरपुरुषच होतात.

नॉर्वेचा ध्रुवप्रवासी आमुन्सेन १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर पोचला. परतीत आपले काही बरेवाईट झाले तर, म्हणून नॉर्वेच्या राजाच्या नावाचे पत्र त्याने मागून येणाऱ्या ब्रिटिश ध्रुवप्रवासी स्कॉटसाठी तंबूत ठेवले. स्कॉटने ते उचलले. तो व त्याचे सोबती परतीच्या वाटेवर मरण पावले. नोव्हेंबर १९१२ मध्ये त्यांच्या सामानात ते पत्र सापडले आणि स्कॉटही ध्रुवावर पोचला होता याचा पुरावा ठरले.

लहान मुलांसाठी गालापागोस बेटांपैकी फ्लोरेआना बेटावरचे पिंप उत्तम. व्हेलची शिकार करणाऱ्या जहाजांवरचे खलाशी त्यात पत्रे टाकत आणि घराकडे निघालेले जहाज आपल्या वाटेवरची पत्रे उचलून नेई. तिकीट नाही, शिक्का नाही. वर्गात एक डबा ठेवून हाच खेळ मांडता येतो : आपल्या वाटेवरचे पत्र ज्याला दिसेल, त्याने ते नेऊन द्यायचे. बेटावरच्या पिंपातली पत्रे पर्यटक आजही याच रीतीने पोचवतात.