जवानाच्या अंगावरचं वजन आणि कमी बोलणारं यंत्र

बुटाला एक किलो वजन वाढलं, तर ते पाठीवर साधारण पाच किलो वाढल्याइतकं दमवतं. पाऊल दर वेळी उचलायचं, पुढे टाकायचं, थांबवायचं. तिथलं वजन पावलागणिक नव्याने वसूल होतं. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. घरटी फौजी असलेलं हे गाव. पहिल्या महायुद्धात इथले ४६ जवान कामी आले. पाठीवर पिठ्ठू आणि हातात रायफल घेऊन बीपीईटी या लष्करी शारीरिक चाचणीची ५ किलोमीटरची धाव ज्यांनी मारली आहे, त्यांच्या अंगावर सरावातल्या हालचाली टिपणाऱ्या यंत्राचे आणखी दोनशे ग्रॅम चढवायचे तर कारण तसंच सबळ हवं.

कारण सबळ आहेच. सराव संपल्यावर खरं शिकणं सुरू होतं. नाला ओलांडताना उजवीकडची तुकडी मागे का राहिली, मशीनगनच्या आडव्या माऱ्यात आपलेच दोघं कसे आले, हे प्रत्येकाला आपापल्या जागेवरून वेगळं आठवतं. जवानांच्या हालचाली सेकंदासेकंदाने पडद्यावर पुन्हा दिसल्या की वाद मिटतो. अमेरिकी सैन्याने १९७०च्या दशकाच्या अखेरीस ‘माइल्स’ ही प्रणाली आणली. तिच्यात रायफलीतून ब्लँक गोळी उडाली की सोबत अदृश्य लेझरचा सांकेतिक झोत सुटतो आणि समोरच्याच्या अंगावरच्या पट्ट्यांतले संवेदक ‘लागली’ म्हणून नोंद करतात. पुढे त्याच पट्ट्यांवर जीपीएस आलं, रेडिओ आला, बॅटरी आली. पट्टे जड होत गेले.

इथे प्रश्न नुसत्या सोयीचा नाही. छातीवर टणक डबा असलेला जवान सरपटताना जमिनीला पुरता चिकटत नाही. त्याची कोपरं उंच राहतात, कंबर वर येते. मग आपण मोजतो ते त्याचं लढणं नसतं, डबा सांभाळणं असतं. पक्ष्यांवर टॅग लावणाऱ्या अभ्यासकांनी यासाठी स्वतःला मर्यादा घालून घेतली आहे : टॅगचं वजन पक्ष्याच्या वजनाच्या ३ ते ५ टक्क्यांच्या आत. माणूस तक्रार न करता जास्त ओझं वाहतो, म्हणून त्याच्या बाबतीत आपण हा काटेकोरपणा पाळत नाही. तो पाळायला हवा.

आता वजन नेमकं कुठे आहे ते पाहू. उपग्रहांवरून जागा शोधणारी आजची चिप नखाएवढी असते. वजन आहे बॅटरीचं, आणि बॅटरी किती मोठी लागेल हे ठरतं रेडिओ किती वेळा बोलतो, म्हणजे संदेश पाठवतो, यावरून. एक ढोबळ हिशेब मांडतो. सराव तीन दिवसांचा, म्हणजे ७२ तासांचा धरा. जागा शोधणारी चिप सतत ३० मिलिवॉट खात असेल, तर तिला सुमारे २.२ वॉट-तास लागतील. लिथियम-आयन बॅटरी किलोला २०० वॉट-तास देते असं धरलं, तर हे झालं ११ ग्रॅम. रेडिओ मात्र बोलताना ३ वॉट ओढतो आणि दर सेकंदाला ५० मिलिसेकंद बोलतो असं समजा. त्याची बॅटरी होते ५४ ग्रॅम. तोच रेडिओ दर दहा सेकंदांनी बोलला, तर साडेपाच ग्रॅममध्ये भागतं.

म्हणून माझ्या मते हलकं यंत्र म्हणजे आधी कमी बोलणारं यंत्र. प्लॅस्टिक पातळ करणं, स्क्रू कमी करणं हे नंतरचं.

कमी बोलायचे मार्ग मोठे सुरेख आहेत. जीपीएस रिसीव्हर आपली जागा ज्या ठरावीक वाक्यात सांगतो, ते ८२ अक्षरांपर्यंत लांब असू शकतं. सरावाचं मैदान मात्र १० किलोमीटर लांब-रुंद आहे हे संदेश ऐकणाऱ्या तळाला आधीच ठाऊक असतं. मग अक्षांश-रेखांश पूर्ण कशाला पाठवायचे? मैदानाच्या कोपऱ्यापासून पूर्वेला किती मीटर आणि उत्तरेला किती मीटर, एवढं पुरे. दोन्ही आकडे दहा हजारांच्या आतले, प्रत्येकी १४ बिट, मिळून २८ बिट. साध्या चार अक्षरांहूनही कमी जागेत जवान कुठे आहे ते एका मीटरपर्यंत सांगून झालं.

दुसरा मार्ग झोपेचा. दबा धरून बसलेला जवान तासन् तास हलत नाही. अत्यल्प वीज खाणारा हालचालीचा संवेदक जागा ठेवायचा आणि तो हलला तरच बाकीचं यंत्र उठवायचं. उठल्यावरही एक अडचण असते. जीपीएस उपग्रह स्वतःच्या कक्षेची माहिती सेकंदाला फक्त ५० बिट या वेगाने पाठवतो आणि ती दर ३० सेकंदांनी पुन्हा येते. ही माहिती तळाने दर दोन तासांनी आधीच पुरवून ठेवली, तर अर्धा मिनिट ताटकळण्याऐवजी एक-दोन सेकंदांत जागा सापडते.

तिसरा मार्ग साताऱ्यात वर मान केली की दिसतो. अजिंक्यताऱ्यावर दूरदर्शनचा मनोरा आहे, कारण उंचावरून लहर दूर जाते. दरीतल्या प्रत्येक जवानाला दणकट रेडिओ देण्यापेक्षा यवतेश्वरसारख्या माथ्यावर एक मोठा रिसीव्हर बसवला, तर अंगावरचा रेडिओ क्षीण आवाजात बोलूनही ऐकू येतो. वजन डोंगराने वाहावं.

यंत्र लावायचं कुठे, हाही मोठा पेच. शरीरात पाणी भरपूर, आणि जीपीएसची लहर पाण्यात जिरते. अँटेना छातीवर असेल तर पालथा पडलेला जवान स्वतःच तिच्यावर छत धरतो. हेल्मेटवरून आकाश उत्तम दिसतं, पण तिथलं वजन मानेवर येतं. खांद्याच्या मागची बाजू ही त्यातल्या त्यात बरी जागा. खांद्यावरून छातीकडे वायर नेली तर सह्याद्रीतल्या करवंदीच्या जाळीत ती अडकणार. वायर काढून टाकली तर यंत्राच्या प्रत्येक भागाला वेगळी बॅटरी द्यावी लागणार. इथे सोपं उत्तर नाही.

कमी बोलण्याचा आणखी एक फायदा आहे. रेडिओ बोलला की तो शत्रूलाही ऐकू येतो. २०१७ मध्ये स्ट्राव्हा या व्यायामाच्या अ‍ॅपने जगभरच्या धावपटूंच्या वाटांचा नकाशा प्रसिद्ध केला आणि जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की ओसाड वाळवंटातले लष्करी तळही त्यात उजळून दिसताहेत. सरावाच्या नोंदी सांकेतिक भाषेत आणि आपल्याच सर्व्हरवर राहिल्या पाहिजेत.

२९ मे २०२३ला इस्रोने सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहाने ‘नाविक’ या आपल्या जागा शोधणाऱ्या उपग्रह प्रणालीत एल-१ लहरीची भर घातली. याच लहरीवर जगभरच्या घड्याळांतल्या आणि फोनमधल्या चिप चालतात, त्यामुळे अंगावरच्या कमी विजेच्या यंत्रांत नाविक बसवणं सोपं झालं आहे. सातारा-सांगलीतल्या अभियांत्रिकीच्या मुलांनी अंतिम वर्षाच्या प्रकल्पाला हा विषय घ्यावा असं मला मनापासून वाटतं. सुटे भाग बाजारात मिळतात. एनसीसीचे कॅडेट तयार असतील तर यवतेश्वरच्या घाटात एकदा यंत्र लावून आणि एकदा न लावता त्यांना चालू द्या, सरपटू द्या. वेळ आणि नाडीचे ठोके दोन्ही वेळी टिपा. यंत्र लावल्यावर आकडे बदलले, तर आणखी वजन कमी करायचं आहे.