डब्यावर बास, पाण्यात मरळ

ऑनलाइन मागवलेल्या रबरी बेडकाच्या डबीवर जबडा वासलेला एक हिरवट मासा छापलेला होता. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, बाससाठी खास. पावसाळा सरल्यावर एका पहाटे ती डबी घेऊन मी तुळजापूर रस्त्यानं सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावावर गेलो. बांधाखाली एक आप्पा जाळ्यातल्या काड्या काढत बसले होते. त्यांनी बेडूक दाबून पाहिला, डबीवरचा मासा निरखला आणि विचारलं, "ह्यो मासा कुठं घावतो?"

"अमेरिकेत."

"मग हितं कशाला आणलाव?"

प्रश्न रास्त होता. कृत्रिम आमिषानं, म्हणजे ल्युअरनं, मासे कसे धरायचे हे शिकायला कुणीही मोबाइल उघडला, की समोर येतो तो बासच. रॉड बासचा, रीळ बासचं, कुठल्या महिन्यात कुठला रंग वापरायचा तेही बासचं. इंग्रजांच्या काळात १८७१ साली आदिला नदीवर बांधून झालेल्या आपल्या या एकरूख तलावात, ज्याला सगळे हिप्परग्याचा तलाव म्हणतात, बास नाही. उजनीतही नाही. आणि नाही तेच बरं. जपानमध्ये १९२५ साली आशी सरोवरात हौसेनं बास सोडले. ते पुढे देशभर पसरले, स्थानिक मासे खात सुटले आणि २००५ साली सरकारला त्यांच्याविरुद्ध कायदा लागू करावा लागला. गंमत अशी, की २००९ साली दहा किलोंहून थोडा जास्त वजनाचा बास निघाला तो जपानच्याच बिवा सरोवरातून, आणि त्यानं अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या १९३२ सालच्या जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. परक्या उपद्रवी जीवांच्या जगातल्या बदनाम शंभरांच्या यादीत बास आहे. त्याच यादीत मोझांबिकची चिलापीही आहे, १९५२ साली आपल्याकडे आणलेली. तेव्हा परक्या माशाचं काय होतं हे सोलापूरकरांना जपानकडून शिकायची गरज नाही.

पण बासचं ज्ञान मात्र कामाचं आहे, कारण त्या माशावर जितके प्रयोग झालेत तितके आपल्या मरळीवर झालेले नाहीत. आणि शिकारीच्या पद्धतीत मरळ म्हणजे आपला बासच म्हणा ना. रोहू, कटला, मृगळ ल्युअरमागे धावत नाहीत. त्यांचं पोट पाण्यातल्या सूक्ष्म जीवांवर आणि तळाच्या गाळावर भरतं, त्यांच्यासाठी कणकेचा गोळाच बरा. मरळ मात्र जलपर्णीखाली, लव्हाळ्याच्या बुडाशी दबा धरून बसते आणि जवळून जाणाऱ्या माशावर, बेडकावर झेप घेते. एका गोष्टीत ती बासच्या पुढे आहे. तिला कल्ल्यांखेरीज डोक्यात हवेचा श्वास घ्यायची पोकळीही असते, म्हणून थोड्या थोड्या वेळानं ती वर येऊन हवेचा घोट घेते. वर येऊच दिलं नाही तर पाण्यातला हा मासा पाण्यातच गुदमरून मरतो. सकाळच्या शांततेत शेवाळाच्या फटीत 'पच्' असा आवाज येतो तो हाच. ल्युअर कुठं फेकायचा याचा पत्ता मरळ स्वतःच देते. बास इतका भोळा नाही.

आता बेडूक. पोकळ रबराचा, आत हवा म्हणून तरंगणारा. पाठीवर दोन गळ, दोन्हींची टोकं अंगाला चिकटून वर वळलेली, त्यामुळे शेवाळावरून ओढला तरी अडकत नाही. माशानं जबडा मिटला की रबर चेपतं आणि टोकं उघडी पडतात. मागे दोन झिरमिळ्या, पायांच्या जागी. रंग पिवळाधमक, त्यावर काळे ठिपके, डोळे तर थेट जत्रेतल्या बाहुलीचे. मी निवडला तो या डोळ्यांवर भाळून, हे कबूल करायला हवं.

मरळीला मात्र ते डोळे दिसतच नाहीत. ती खाली असते आणि बेडूक वर, उजळ आभाळाच्या पार्श्वभूमीवर. तिला दिसतो तो पोटाकडून काळा आकार. पहाटेच्या अंधूक उजेडात काळा बेडूक चालतो असं गळवाले सांगतात तेव्हा ऐकायला उलटं वाटतं, पण त्याचं कारण हेच. उजेडासमोर धरलेली वस्तू जितकी गडद, तितकी तिची कड ठळक.

पाण्याखालून वरचं जग कसं दिसतं हा प्रकारच विलक्षण आहे. प्रकाश हवेतून पाण्यात शिरताना वाकतो. म्हणून माशाला वरचं सगळं आभाळ, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, सुमारे ९७ अंशांच्या एका गोल खिडकीत गोळा होऊन दिसतं. मासा अर्धा मीटर खोल असेल तर पृष्ठभागावर ही खिडकी एक मीटरहून थोडी जास्त रुंद भरते. खिडकीबाहेर पृष्ठभाग आरशासारखा असतो आणि त्यात तळाचं प्रतिबिंब पडतं. काठावर उभा असलेला माणूस या खिडकीच्या कडेला चेपटून दिसतो. दहा मीटर अंतरावरचा पावणेदोन मीटर उंचीचा माणूस पाण्याच्या पातळीपासून जेमतेम दहा अंश वर येतो. तो बसला तर जवळजवळ पुसूनच जातो. आप्पा जाळं सोडवायला बसले होते, पण गळ टाकतानाही ते कधी उभे राहत नाहीत हे माझ्या नंतर लक्षात आलं.

पाण्याच्या आत, मधल्या थरात ओढायच्या ल्युअरला मात्र रंगाचा प्रश्न येतो. पुस्तकात वाचतो की पाण्यात लाल रंग सर्वांत आधी नाहीसा होतो. ते स्वच्छ निळ्या पाण्याचं. आपला तलाव तसा नाही. काळ्या रानातला गाळ वाहून येतो, शिवाय शेवाळाची हिरवी झाक. अशा पाण्यात निळा प्रकाशच आधी गिळला जातो आणि पिवळ्या-नारिंगीकडचा जरा खोलवर टिकतो. निळ्या-जांभळ्या चकाकीचा महागडा ल्युअर हिप्परग्याच्या पाण्यात दोन हातांवर मातकट तुकडा होतो. बासच्या डोळ्यांवर अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या शास्त्रज्ञांनी प्रयोग केले तेव्हा कळलं, की त्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, एक हिरव्याला आणि एक लालला जागणारी. माणसाच्या डोळ्यात तीन असतात. लाल आणि हिरवा रंग तो चोख ओळखतो, पण पोपटी-पिवळा आणि पांढरा यांत त्याची गल्लत होते. म्हणजे दुकानात शेजारीशेजारी टांगलेल्या, वेगवेगळ्या किमतीच्या त्या दोन रंगांत माशाला फारसा फरक नाही. दुकानातले निम्मे रंग गिऱ्हाइकासाठी असतात, असं माझं मत झालंय.

मग गढूळ पाण्यात शिकारी मासा सावज शोधतो कसं? माशाच्या कुशीवर, कल्ल्यापासून शेपटीपर्यंत, एक बारीक रेघ दिसते. बाजारात मासा विकत घ्याल तेव्हा नीट बघा, त्या रेघेवरच्या खवल्यांना टाचणीच्या टोकाएवढी भोकं असतात. त्या भोकांच्या आत एक नळी, आणि नळीत मऊ जेलीत रुतलेल्या केसासारख्या पेशी. पाणी हललं की जेली कलते, पेशी वाकते, मेंदूला निरोप जातो. आपल्या कानाच्या आत अशाच जातीच्या पेशी असतात. आपण त्यांनी ऐकतो, मासा याच पेशींनी शेजारच्या पाण्याचा धक्का अंगावर ओळखतो. हा स्पर्शही नव्हे आणि ऐकणंही नव्हे, दोन्हींच्या मधलं काहीतरी. मात्र त्याची हद्द फार नाही. माशाच्या लांबीच्या एकदोन पट अंतरापर्यंत, त्यापलीकडे हा निरोप विरतो.

मस्केलंज नावाच्या अमेरिकी शिकारी माशाचे डोळे झाकून प्रयोग झाले, २००१ साली ते छापून आले. डोळे झाकलेला मासा लांबून दबकत जायचा बंद झाला, पण सावज अगदी जवळ आलं की तो अचूक झडप घालायचा. कुशीवरची रेघही बधिर केली तेव्हा झडपही थांबली. म्हणजे लांबून बोलावतो डोळा किंवा कान, आणि शेवटच्या वीतभर अंतरावर हिशेब चुकता करते ती रेघ.

फिनलंडचा लॉरी रापाला हा गरीब मच्छीमार होता. सरोवरात त्याला दिसलं, की शिकारी मासे लहान माशांच्या थव्यात घुसतात आणि नेमका वेडावाकडा पोहणारा एक उचलतात. १९३६ साली त्यानं बुचाच्या लाकडाचा एक मासा कोरला, त्याला चॉकलेटची चांदी गुंडाळली, वर फोटोच्या वितळवलेल्या फिल्मचा थर दिला. तो रंगानं फार हुबेहूब नव्हता, चालीनं होता. अशा ल्युअरच्या हनुवटीला एक तिरकी पट्टी असते. ओढला की पाणी त्या पट्टीवर आदळून त्याला खाली दाबतं, आणि मागे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे भोवरे सुटत जातात. प्रत्येक भोवऱ्याबरोबर शेपूट हलते. पुलाच्या खांबामागे नदीच्या पाण्यात जसे आळीपाळीनं भोवरे निघतात, तेच इथे बोटभर लांबीवर घडतं.

हे सगळं वाचून मी त्या सकाळी बेडूक फेकला आणि रीळ फिरवत सुटलो. शेवाळावरून तो सरसर आला. पुन्हा फेकला, पुन्हा सरसर. आप्पा बघत होते. शेवटी म्हणाले, "बेडूक असा पळतोय व्हय? त्यो थांबतोय." त्यांनी बोटानं पाण्यावर टिचकी मारली, टप. थांबले. वलयं विरेपर्यंत थांबले. मग टप, टप. त्यांच्या तरुणपणी ही माणसं जिवंत बेडूक गळाला लावून बांबूच्या टोकानं काठाकाठानं असाच नाचवायची.

अमेरिकेतले बासवालेही हेच सांगतात. थांबा, वलयं विरू द्या. याचा अर्थ मी असा लावतो, की पहिल्या टिचकीनं मरळीला दिशा कळते, ती सरकते, आणि बेडूक तिथंच असला तर तिचा हिशेब जुळतो. पळत्या ल्युअरचा तो दर वेळी चुकतो.

झडप इतकी वेगानं होते की पाहिली असं म्हणताच येत नाही. शिकारी मासा सावजाला चावायच्या आधी ओढून घेतो. जबडा एकदम फाकवला की तोंडाच्या पोकळीत दाब उतरतो आणि पाणी सावजासकट आत शिरतं. बासमध्ये हे सगळं पापणी लवायच्या आत उरकतं. पण शेवाळावरचा बेडूक शेवाळासकट आत जातो, तोंड नीट मिटायला मरळीला क्षणभर लागतो. तिसऱ्या फेकीला पाणी फुटलं, मी दचकून रॉडला झटका दिला, आणि बेडूक कानाजवळून मागे बाभळीत जाऊन अडकला.

"येक, दोन म्हना," आप्पा म्हणाले. "मग वढा."

तेव्हा ऊन चढायला लागलं होतं. आपल्याकडे वेळेचंही शास्त्र आहे. २० अंशांच्या एक लिटर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. शिवाय शेवाळ रात्रभर तोच प्राणवायू वापरतं, त्यामुळे पहाटे तो सर्वांत कमी असतो. चिलापी, रोहू तेव्हा सुस्त पडतात. मरळीला काय, ती वर येऊन हवा घेते. बासची पुस्तकं वाचून इथं पहाटेचे आडाखे बांधले तर ते म्हणूनच थोडे हुकतात. बासला ही सोय नाही.

आणखी एक गोष्ट मला पुस्तकांनी शिकवली. मासे शिकतात. नेदरलँड्समधला पाइक नावाच्या शिकारी माशांवरचा प्रयोग १९७० साली छापून आला. फिरत्या पात्याच्या ल्युअरला एकदा लागून सुटलेले मासे पुढे त्याला टाळू लागले, जिवंत आमिषाला मात्र टाळेनात. इलिनॉयच्या रिज लेक तलावातले बास तर पिढ्यानपिढ्या वेगळे वाढवले, सहज गळाला लागणारे एकीकडे, न लागणारे दुसरीकडे, आणि पिल्लांतही तो फरक उतरला. म्हणजे ज्या तलावावर रोज गळ पडतो तिथं हावरे मासे कमी होत जाणार आणि सावध तेवढे वाढणार. हिप्परग्यावर रबरी बेडूक अजून नवखा आहे. दहा वर्षांनी काय असेल कोण जाणे.

बाभळीतून बेडूक काढून मी दुसरीकडे, लव्हाळ्याजवळ एका मोकळ्या गोल जागेवर फेकायला निघालो. आप्पांनी हात वर केला. पाण्यावर ताटाएवढा नारिंगी डाग होता आणि तो हळूहळू सरकत होता. मरळीची पिल्लं. शेकड्यानं, एकमेकांत गुंतलेली, मिनिटामिनिटाला हवा घ्यायला बुडबुडत वर येणारी. त्यांच्याखाली आईबाप असतात आणि पिल्लांजवळ आलेल्या कशावरही ते तुटून पडतात, भूक असो नसो. तिथं ल्युअर टाकला तर मासा हमखास लागतो आणि मागे राहिलेली पिल्लं चिलापीच्या पोटात जातात. "त्यावर न्हाई टाकायचं," एवढंच ते म्हणाले आणि पुन्हा जाळ्याला लागले. तलावाचा ठेका त्यांच्या सोसायटीकडे आहे. मी विचारून बसलो होतो, त्यामुळे ऐकणं भागच होतं. पण ठेका नसता तरी ऐकलं असतं.

परत पहिल्या जागी आलो. टप. थांब. टप, टप. पाणी फुटलं. येक, दोन. रॉड वाकला, जड झाला, दोन-तीन किलोंचा तरी असावा, आणि मग शेवाळाच्या गचपणात शिरून सुटला. बेडूक हातात आला तेव्हा त्याच्या पोटावर चार दातांची भोकं होती आणि दाबला की त्यातून पाणी उडत होतं. पोकळ बेडूक हवेवर तरंगतो, हवेच्या जागी पाणी शिरलं की बुडतो. घरी येऊन सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन भोकांवर लावलं. बादलीत टाकून पाहिला. तरंगतो, पण आता जरा डावीकडे कलतो.