येर्कापीचं भुयार: चोरदरवाजा की आणखी काही?

गडकोट फिरलेल्या मराठी माणसाला येर्कापीचा, म्हणजे तुर्कस्तानातल्या हत्तुशा या हित्ती लोकांच्या प्राचीन राजधानीतल्या भुयाराचा, फोटो दाखवला, तर त्याच्या तोंडून पहिला शब्द निघेल ‘चोरदरवाजा’. वर निमुळती होत गेलेली, मोठाल्या ओबडधोबड दगडांची 71 मीटर लांबीची भुयारी वाट. डोक्यावर मातीचा प्रचंड बांध आणि बांधाच्या माथ्यावर तट. तुर्की नावाचा अर्थही ‘जमिनीतला दरवाजा’ असाच आहे. जुन्या वर्णनांत या भुयाराचं कारण ठरलेलं असे: वेढा पडला की शिबंदीने इथून गुपचूप बाहेर पडायचं आणि शत्रूच्या पाठीवर तुटून पडायचं. हे कारण आता फारसं टिकत नाही, आणि ते का टिकत नाही हे कळायला हित्ती तटबंदीच्या इतिहासात थोडं मागे जावं लागतं.

हत्तुशाचा तट म्हणजे एकसंध भिंत नव्हे. दोन समांतर भिंती, त्यांच्यामध्ये आडव्या भिंतींनी पाडलेले कप्पे आणि कप्प्यांत भरलेली दगडमाती. पाया दगडाचा, वरचं सगळं काम कच्च्या विटांचं आणि लाकडाचं. ठरावीक अंतरावर बुरूज. बुरूज म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गोल आकार येतो, हे मात्र चौकोनी. मोठ्या दरवाज्यांत बाहेरचा आणि आतला असे दोन दरवाजे, मध्ये खोलीएवढी जागा, दोन्ही अंगांना बुरूज. चढून येणारी वाट थेट दरवाज्यात घुसत नाही, तटाच्या कडेकडेने येते. म्हणजे येणारा माणूस बराच वेळ वरच्या पहारेकऱ्यांच्या माऱ्यात. गोमुखी दरवाज्याची सवय असलेल्याला हे समजावून सांगायला नको.

हे कधी सुरू झालं? एका मातीच्या पाटीवर हंतिली नावाच्या हित्ती राजाची फुशारकी आहे: ‘हत्ती’च्या (म्हणजे हित्तींच्या) भूमीत आधी कोणी शहरांना तट घातले नव्हते, ते मी घातले, हत्तुशालाही मीच घातला. वाक्य इतकं सोयीचं आहे की तारीख लागलीच असं वाटावं. पण हंतिली नावाचे दोन राजे होऊन गेले, आणि त्यांच्यात काही पिढ्यांचं अंतर. हा कुठला, यावर एकमत नाही. शिवाय राजाने ‘आधी कोणी केलं नाही’ म्हटलं की ते शब्दशः घ्यायचं नसतं, हे ज्याने चार शिलालेख वाचलेत त्याला ठाऊक असतं.

तारखांचा खरा वाद झाला तो शहराच्या वरच्या भागावरून. सिंह दरवाजा, राजा दरवाजा, येर्कापी हे सगळं याच भागातलं. इथला तट तीन किलोमीटरहून लांब आहे. विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत बहुतेक जण हा भाग इ.स.पू. तेराव्या शतकाचा, म्हणजे साम्राज्याच्या उतरत्या काळातला मानत. त्या शतकातल्या चौथ्या तुधलिया या राजाने देवळांची नगरी वसवली आणि तिच्याभोवती तट घातला, अशी ती मांडणी होती. नंतर कार्बन कालमापनाचे आकडे येऊ लागले, दक्षिणेकडच्या तलावांतला गाळ तपासला गेला, आणि वस्तीची सुरुवात थेट सोळाव्या शतकापर्यंत मागे गेली. पूर्वेकडे शारिश्शा हे चार दरवाज्यांचं, आखून बांधलेलं तटबंद शहरही त्याच शतकातलं. बदल तीनशे वर्षांचा आहे. घाबरलेल्या, कोसळायला आलेल्या राज्याचा तट आणि नुकत्याच वर येणाऱ्या राज्याचा तट या दोन वेगळ्या गोष्टी. माझ्या मते पुराव्याचं पारडं दुसऱ्या बाजूला झुकतं.

आता येर्कापी. बांध सुमारे 250 मीटर लांब, पायथ्याशी 80 मीटर रुंद, बाहेरून सुमारे 30 मीटर उंच. बाहेरचा उतार दगडांनी फरसबंद केलेला. तो इतका उभा नाही की चढताच येऊ नये. आणि कडी म्हणजे बाहेरच्या अंगाने, बांधाच्या दोन्ही टोकांना वर जायला पायऱ्या! शत्रूसाठी जिना बांधणारा किल्ला जगात विरळाच. भुयाराचं बाहेरचं तोंडही झाडाझुडपांत लपवलेलं नाही, ते समोरून उघड दिसतं. बांधाच्या माथ्यावर स्फिंक्सच्या (सिंहाचं धड, माणसाचं डोकं) मूर्तींचा दरवाजा आहे; या स्फिंक्स दरवाज्याच्या अंगांना इतर दरवाज्यांसारखे जोड बुरूज नाहीत, वाट एकाच बुरुजाच्या पोटातून जाते. हे सगळं एकत्र ठेवलं की ‘चोरदरवाजा’ हा शब्द गळून पडतो. दुरून येणाऱ्याला दिपवायचं आणि सणावारी मिरवणुका न्यायच्या, यासाठी केलेलं हे बांधकाम असावं, असं आज बरेच अभ्यासक मानतात.

म्हणून तटाचा लढाईशी संबंध नव्हता असं नाही. हित्तींनी उर्शू या शहराला घातलेल्या वेढ्याची एक हकिगत हत्तुशातच सापडली. तट फोडायचा ओंडका सैनिकांकडून मोडतो, राजा संतापतो आणि हुर्री या शेजारच्या लोकांच्या पद्धतीचा नवा करा म्हणून फर्मावतो. उत्तरेच्या कास्का टोळ्यांची धास्ती तर कायमचीच. सरहद्दीवरच्या अधिकाऱ्यांसाठी काढलेला हुकूमनामा याच धास्तीतून आला. या अधिकाऱ्याची पदवी ‘टेहळणीच्या मनोऱ्याचा धनी’. किल्लेदार म्हणावं तर त्याच्याकडे शेती, देवळं, न्यायनिवाडाही आहे. सुभेदार म्हणावं तर तटाचा गिलावा आणि जळणाच्या लाकडांची जाडी बघणंही त्याच्याच गळ्यात. संध्याकाळी दरवाजे अडसर घालून बंद करायचे, सकाळी आधी टेहळ्यांनी भोवतालचा भाग हिंडून बघायचा आणि मगच गुरं बाहेर सोडायची. राजधानीत शहराच्या प्रमुखाने सकाळी मुलाला किंवा नोकराला धाडायचं. अडसर काढण्याआधी दरवाज्यावरची रात्रीची मोहोर शाबूत आहे का, हे बघूनच दार उघडायचं.

गिलाव्याचं महत्त्व 2003 ते 2005 या काळात नव्याने कळलं. उत्खनन करणाऱ्या मंडळींनी खालच्या शहरात जुन्या पायावर 65 मीटर तट आणि दोन बुरूज जुन्याच पद्धतीने उभे केले. उंची नि कंगोरे कसे होते याचा अंदाज त्यांनी उत्खननात सापडलेल्या मातीच्या भांड्यांवरून घेतला; त्यांच्या काठावर बुरुजांच्या छोट्या प्रतिकृती आहेत. विटा लागल्या सुमारे 64,000. एकेक वीट 45 बाय 45 सेंटिमीटर, 10 सेंटिमीटर जाड, 34 किलो वजनाची. अशी वीट दिवसभर उचलून बघा, म्हणजे साडेसहा किलोमीटरच्या आसपास तट घालणं ही काय चीज होती ते कळेल. पावसाबर्फाने गिलावा धुपतो आणि तो पुन्हा लिंपावा लागतो. हुकूमनाम्यातला तो रुक्ष तपशील तेव्हा कुठे नीट वाचता आला.

स्फिंक्स दरवाज्याचा एक स्फिंक्स दुरुस्तीसाठी म्हणून पहिल्या महायुद्धाच्या काळात बर्लिनला गेला होता, तो 2011 मध्ये परत आला. आणि 2022 मध्ये या दरवाज्याच्या पायाखालच्या भुयारात, शंभराहून अधिक वर्षं अभ्यासक आणि पर्यटक ये-जा करत असलेल्या त्या 71 मीटरांत, मंजिष्ठाच्या मुळांच्या लाल रंगाने काढलेली 249 चित्रलिपीची चिन्हं सापडली.