पालकांची संमती आणि मुलाचा होकार

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलासोबत स्पीच थेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, विशेष शिक्षक, बालविकासतज्ज्ञ असे तिघेचौघे काम करतात. पालकांनी पहिल्या दिवशी फॉर्मवर सही केली की मुलाचा होकारही त्यातच आला, असं टीम सर्रास धरून चालते. तो त्यात येत नाही.

संमती ही कायद्याची बाब. मूल १८ वर्षांचं होईपर्यंत ती पालक देतात. कोणती थेरपी, आठवड्याला किती सेशन्स, उद्दिष्ट काय, पर्याय कोणते, माहिती कोणाकोणाला कळणार हे समजावून मग लेखी घ्यायची. ती केव्हाही मागे घेता येते. व्हिडिओसाठी वेगळी सही हवी. थेरपीच्या संमतीवर टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर क्लिप टाकता येत नाही.

होकार मुलाचा, आणि तो दर सेशनला नव्याने बघावा लागतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४ दिव्यांग मुलांना स्वतःविषयीच्या बाबींत मत मांडण्याचा हक्क देतं; मूल बोलत नाही म्हणून तो संपत नाही. साहित्याकडे हात नेणं, जवळ येऊन बसणं हा होकार. मान फिरवणं, हात ढकलणं, दाराकडे जाणं हा नकार. ताठ बसून सांगू ते करणाऱ्या मुलापाशी मात्र आपण फसतो: तो होकार असेलच असं नाही, तरी आपण ‘छान सहकार्य’ अशी नोंद करतो.

ऐकलेलं परत म्हणणाऱ्या मुलाला ‘झोका हवा की नको?’ विचारलं तर ‘नको’ येतं. क्रम उलटून ‘नको की हवा?’ विचारा. आता ‘हवा’ आलं तर दोन्ही उत्तरं बाद. झोका आणि चेंडू समोर ठेवून मूल कुठे जातं ते बघा.

टीममध्ये खरी गडबड पुढे होते. मुलाने ‘नको’ सांगायला दाखवलेलं कार्ड स्पीच थेरपिस्ट मानते, ऑक्युपेशनल थेरपीत तेच कार्ड बाजूला सारून हात धरून काम करून घेतात. मूल कार्ड सोडतं आणि चावायला लागतं, कारण चावल्यावर सगळेच थांबतात. म्हणून फाइलच्या पहिल्याच पानावर या मुलाचा ‘हो’ कसा दिसतो, ‘नाही’ कसा, हे लिहावं. नकार आला की सगळ्यांनी एकच करायचं: थांबायचं, काम सोपं करून एकदा पुन्हा विचारायचं, तरीही नकार असेल तर सोडून नोंद करायची. एकाच कामाला सलग नकार येत राहिला, तर उद्दिष्टच चुकलंय. पालकांसोबत बसून ते बदलावं.

रस्त्यावर धावत सुटणं, फिटचं औषध अशा ठिकाणी नकार मानता येत नाही. ही यादी पालकांसह आधीच लिहून, लहानच ठेवावी. तिथे ‘औषध घ्यायचं का?’ असं विचारूच नये. ‘आता औषध. लाल पेला की निळा?’ असं विचारावं, आणि मूल दाखवेल तोच पेला द्यावा.