एक्स्टेंशनवरून एन्क्रिप्शनची ओळख

फाईलच्या नावातील शेवटच्या टिंबानंतरची अक्षरे पाहून ती कुलूपबंद आहे का, आणि असल्यास कोणत्या पद्धतीने, याचा अंदाज बांधण्याची रीत. नागपुरात सीताबर्डीवरच्या एखाद्या दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाईक "भाऊ, फाईल उघडूनच नाही राहिली" म्हणत पेन ड्राइव्ह पुढे करते, तेव्हा काउंटरवरचा पोरगा आधी हेच बघतो. त्यासाठी बहुधा त्याला एक्स्टेंशन दाखवण्याची सोय चालू करावी लागते. विंडोजमध्ये ती मुळात बंद असते.

एक्स्टेंशन हा निव्वळ नावाचा भाग आहे. एफ२ दाबून ते बदलले तरी आतला एक बाइटही हलत नाही. त्यामुळे फाईल कोणत्या प्रोग्रामने बनवली एवढे त्यावरून कळते. आत कोणता सायफर (कुलूप घालण्याचे गणिती सूत्र) आहे, हे क्वचितच. .जीपीजी आणि .पीजीपी या ओपनपीजीपी या एन्क्रिप्शनच्या खुल्या मानकाच्या कुळातल्या फाईली. फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये आणलेल्या पीजीपीपासून हे कूळ सुरू झाले. .एएससी त्याच घरातले, पण फसवे: त्यात कूटबद्ध मजकूर असेल, नुसती सही असेल किंवा कोणालाही देता येणारी सार्वजनिक किल्लीही असेल. .एईएससारखे सायफरचेच नाव मिरवणारे एक्स्टेंशन विरळा.

मोबाइल बदलताना भेटते ते .क्रिप्ट१४ किंवा .क्रिप्ट१५. या व्हॉट्सअ‍ॅपच्या बॅकअप फाईली. आकडा पद्धतीची आवृत्ती सांगतो, कुलपाची ताकद नव्हे. दोन्हींत एईएस-२५६च असते. फरक किल्लीचा. .क्रिप्ट१४ची किल्ली फोनच्या आतल्या, सहज हाती न लागणाऱ्या फोल्डरमध्ये राहते, म्हणून फोन गेला की नुसती मेमरी कार्डवरची फाईल घेऊन दुकानात येण्यात अर्थ नसतो.

रोजच्या वापरातल्या फाईलींची एक्स्टेंशन मात्र तोंडच उघडत नाहीत. .झिपमध्ये जुने, केव्हाच फोडले गेलेले झिपक्रिप्टो असो की एईएस-२५६, नाव तेच. ई-आधारची फाईल पासवर्ड मागते, तरी .पीडीएफच. इतवारीतल्या पेढीवरच्या टॅली ईआरपी ९ या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या फाईलींना .९०० लागलेले असते. टॅलीव्हॉल्ट हे त्यातले पासवर्डचे कुलूप लावले तरी ते बदलत नाही, फक्त कंपन्यांच्या यादीत नावाच्या जागी फुल्या दिसतात. मुनीम तो पासवर्ड विसरला, तर वह्या पुन्हा लिहायला बसावे लागते.

खरी ओळख फाईलच्या पहिल्या काही बाइटांत असते. साधी .डॉक्सएक्स फाईल हेक्स एडिटरमध्ये (फाईलचे बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) उघडली की सुरुवातीला 'पीके' दिसते, कारण ती मुळात झिप असते. ही झिपचे जनक फिल कॅट्झ यांची आद्याक्षरे. त्याच फाईलला वर्डमधून पासवर्ड लावून जतन करा, सुरुवात 'डी० सीएफ ११ ई०' अशी होते. म्हणजे जुन्या .डॉकची खूण. नाव नवे, पोटात जुनी पेटी, आणि त्या पेटीत कूटबद्ध मजकूर. दोन फाईली शेजारी ठेवून हे एकदा पाहावेच.

एक्स्टेंशनला सर्वाधिक महत्त्व येते ते खंडणीखोर सॉफ्टवेअरच्या, म्हणजे फाईली कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या रॅन्समवेअरच्या बाबतीत, आणि तिथेच गैरसमजही जास्त. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या वॉनाक्रायने फाईलींना .डब्ल्यूएनसीआरवाय लावले. प्रत्येक फाईलसाठी वेगळी एईएस किल्ली आणि त्या किल्ल्यांवर आरएसए या दुसऱ्या सायफरचे कुलूप, अशी त्याची रचना. ते शेपूट काढून पुन्हा .डॉक्सएक्स लिहिल्याने काही साधत नाही. उलट हे रॅन्समवेअर कोणत्या कुटुंबातले, म्हणजे कोणत्या जातीचे, ते ओळखण्याचा धागा तेवढा हरवतो. स्टॉप या कुटुंबाने तर शेकडो चार अक्षरी एक्स्टेंशन वापरली. तिथे एक्स्टेंशनपेक्षा खंडणीच्या चिठ्ठीतला ओळखक्रमांक कामाचा: तो 'टी१'ने संपत असेल तर फाईल ऑफलाइन किल्लीने (सर्व्हरशी संपर्क नसताना वापरलेल्या, अनेकांना सामाईक किल्लीने) बंद झालेली असते आणि सुटण्याची आशा राहते. युरोपोल या युरोपीय संघाच्या पोलीस संस्थेच्या सहभागाने २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'नो मोअर रॅन्सम' उपक्रमात नमुना फाईल आणि चिठ्ठी दिली की कुटुंब ओळखून मिळते. तक्रारीसाठी सायबर हेल्पलाइन १९३०.

टेस्लाक्रिप्ट या दुसऱ्या रॅन्समवेअरने एका आवृत्तीत बंद केलेल्या फाईलींना चक्क .एमपी३ लावले होते. चौथ्या आवृत्तीत त्याने एक्स्टेंशन बदलणेच सोडून दिले. फाईल जुन्याच नावाने जागेवर, फक्त उघडत नसे. मे २०१६ मध्ये त्याच्या कर्त्यांनी स्वतःच मास्टर किल्ली जाहीर केली, तेव्हा त्या उघडल्या.